जाबसालाचा गोषवारा

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी आगगाडी सुटते न सुटते तोंच खाडीचा पूल लागतो. मग पारसिकचा डोंगर, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, आणि ठाणें सोडल्यापासून अवघ्या वीस किलोमीटरांवर कल्याण. रोज लाखों माणसें हा प्रवास करितात. पूल ओलांडतांना आपण एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत चाललों आहों, असें त्यांपैकीं कोणाच्या स्वप्नांतहि येत नसेल. परंतु १७७४ च्या अखेरीपासून १८१७ पर्यंत, मधलीं युद्धाचीं वर्षें वगळलीं तर, वस्तुस्थिति अगदीं तीच होती. ठाणें इंग्रजांचें, कल्याण पेशव्यांचें, आणि डोंबिवली हें कल्याणच्या बाजूचें एक खेडें. त्याच्याहि पूर्वी, १७३७ पर्यंत, ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. समोरासमोर दोन राज्यें आणि मध्यें भरती-ओहोटीचें पाणी, अशा ठिकाणीं परराज्याच्या माणसांशीं बोलणें करणें, तें ध्यानांत ठेवणें आणि त्याचा सारांश धन्यास लिहून कळविणें, हें कारकुनाच्या नित्याच्या कामांतलें एक काम होतें.

आज असें बोलणें जिनिव्हास किंवा न्यूयॉर्कला होतें, आणि त्याचें इतिवृत्त लिहिणाऱ्यांची स्वतंत्र जात निर्माण झाली आहे. संयुक्त राष्ट्रसंघांत इतिवृत्तें दोन प्रकारचीं ठेवितात. एकांत प्रत्येक शब्द जसाचा तसा उतरलेला असतो, दुसऱ्यांत केवळ सारांश. या दुसऱ्या प्रकारांत वक्त्याचें भाषण तृतीय पुरुषीं व भूतकाळीं लिहितात. लेखकानें स्वतःचें मत किंवा विशेषण घालावयाचें नाहीं. आपल्या तोंडीं चुकीचें वाक्य घातलें गेलें असें ज्या प्रतिनिधीस वाटेल, त्यास दुरुस्ती सुचविण्याची मुभा असते. दिसावयास हें काम साधें, पण त्यासाठीं उमेदवारांची परीक्षा घेऊन निवड करावी लागते. तासभर चाललेल्या बोलण्यांतून काय ठेवावें आणि काय गाळावें, याचा विवेक केवळ भाषा आल्यानें येत नाहीं.

मराठी दप्तरांत या व्यवहाराला ‘जाबसाल’ असा नेटका शब्द होता. फारशीतील जवाब आणि सवाल या शब्दांचा हा मराठी जोड. जाबसाल करणारा तो वकील, आणि त्याचा गोषवारा कागदावर उतरविणारा बहुधा त्याचाच कारकून. पुष्कळदां दोन्ही कामें एकाच माणसाकडे असत.

हा कारकून तयार कसा होई? त्यासाठीं निराळी शाळा नव्हती. पंतोजीच्या हाताखालीं धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, मग बोरूनें कित्ता, मग मोडी. आधीं कागदावर आडवी रेघ मारून घ्यावयाची आणि तिला लोंबतीं अक्षरें हात शक्य तों न उचलतां काढीत जावयाचीं, ही मोडीची रीत वेगानें लिहिणाऱ्याच्या सोयीची. पुढें कोणा आप्ताच्या किंवा ओळखीच्या वशिल्यानें कचेरींत उमेदवारी. उमेदवार प्रथम आलेल्या पत्रांच्या नकला करी, मग जुने मसुदे पाहून नवे मसुदे घाली, आणि वरच्या माणसानें त्यावर केलेल्या खाडाखोडींतून खरें शिक्षण घेई. कोणास कोणता मायना, कोणत्या पत्रास ‘विज्ञापना’ व कोणत्यास ‘आज्ञा’, मुख्य पत्रांत काय घालावें आणि नाजूक मजकूर निराळ्या पुरवणींत कसा न्यावा, हें त्यास डोळ्यांनीं पाहूनच उमगे.

या लिहिण्यांतली खरी अडचण व्याकरणाची होती, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. इंग्रजी लेखक दुसऱ्याचें बोलणें सांगतांना पुरुष व काळ दोन्ही बदलतो, त्यामुळें तें बोलणें परक्याचें आहे हें प्रत्येक वाक्यांत दिसत राहतें. मराठींत तसें नाहीं. ‘आम्ही साष्टी सोडणार नाहीं’ असें इंग्रज म्हणाला, तर मराठी कागदांतहि ‘आम्ही’च राहतें. त्याच्या अलीकडे एक ‘कीं’ आणि पलीकडे एक ‘म्हणोन’, एवढ्या दोन खुंट्यांवर सगळी इमारत उभी! मोडींत विरामचिन्हें नाहींत, अवतरणचिन्हें नाहींत, शब्दाशब्दांमधील अंतरहि नाहीं. ‘म्हणोन’ विसरला किंवा चुकीच्या जागीं पडला, तर परक्याची मागणी कोठें संपली आणि आपल्या वकिलाचा अभिप्राय कोठें सुरू झाला, हें पुण्यांत बसलेल्या कारभाऱ्यास कळणें कठीण. मुरलेला कारकून म्हणून ‘म्हणोन’ जपून वापरी आणि आपलें मत सांगावयाचें तेव्हां नवें वाक्य करून ‘त्यावरून दिसण्यांत येतें कीं’ अशा धाटणीनें आरंभ करी.

बोलणें करारापर्यंत आलें म्हणजे कागदाचें रूप बदले. मग यादी तयार होई. एका पक्षाची एकेक मागणी एकेका कलमांत, आणि त्या कलमाखालीं तिचें उत्तर: ‘येणेंप्रमाणें करार’, किंवा जी कांहीं दुरुस्ती असेल ती. मागणी आणि उत्तर एकाच ठिकाणीं राहत असल्यामुळें कोणी काय मागितलें होतें आणि त्यांतलें कितपत मिळालें, हें वर्षानंतरहि एका दृष्टिक्षेपांत दिसे. ही पद्धति गांवच्या इनामापासून राज्याराज्यांच्या तहापर्यंत एकच होती. इतिवृत्त आणि करार यांचा असा संयोग फारच थोड्या दप्तरांत आढळेल.

टोपीकरांशीं होणारें बोलणें व्यापाऱ्यांशीं होणारें नव्हे, राजांशीं होणारें आहे, याची जाणीव मराठी मुत्सद्द्यांस लवकर झाली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत अठराव्या शतकाच्या आरंभींच स्पष्ट सांगितलें आहे कीं, हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागें त्यांचे राजे उभे आहेत. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली आणि हा राजांचा शेजार मुंबईच्या इंग्रजांस चांगलाच जाणवला. त्यांनीं कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन यास साताऱ्यास शाहू महाराजांकडे धाडिलें. इंचबर्डनें जुलैंत तह केला. गॉर्डननें आपल्या प्रवासाची व भेटींची रोजनिशी लिहिली, ती मुंबईच्या दप्तरांत राहिली आणि पुढें छापलीहि गेली.

कल्याणच्या बाजूचा या कामांतील मोठा माणूस म्हणजे रामाजी महादेव बिवलकर, कोंकणचे सरसुभेदार. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळाचें १७६० च्या सुमाराचें बांधकाम यांच्याच नांवावर सांगतात. १७५५ च्या मार्चांत तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशीं जो करार झाला, तो पेशव्यांच्या वतीनें रामाजीपंतांनीं केला. आरमाराची हुकमत इंग्रजांकडे, मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांस, इत्यादि गोष्टी कलमांत उतरल्या. एप्रिलांत सुवर्णदुर्ग पडला, आणि तेथवर सर्व यथास्थित झालें.

पण पुढच्या फेब्रुवारींत विजयदुर्गावर प्रसंग निराळा आला. वॉटसनचें आरमार आणि क्लाइव्हची पलटण समुद्राकडून आली, मराठी फौज जमिनीकडून. तुळाजीनें मराठी छावणींत येऊन रामाजीपंतांच्या स्वाधीन होणें पसंत केलें. इंग्रजांनीं तोफांचा मारा करून १३ फेब्रुवारी १७५६ रोजीं किल्ला घेतला, आंत सांपडलेली सुमारें दहा लक्षांची लूट आपसांतच वांटून घेतली, आणि किल्लाहि सोडीनात. पेशव्यांचें म्हणणें, करारान्वयें किल्ला आमचा. इंग्रजांचें म्हणणें, तुम्ही तुळाजीशीं परस्पर बोलणें लाविलें, सबब करार तुम्हीच मोडला.

तटस्थ बुद्धीनें पाहिलें तर दोघांच्याहि म्हणण्याला कांहीं ना कांहीं आधार होता, कारण शत्रु एकाच दोस्ताच्या छावणींत शरण गेला तर काय, हा प्रश्न मूळ बोलण्यांत नीट उलगडला गेलाच नव्हता. जें बोलण्यांत आलें नाहीं तें कलमांत येणार कोठून? लुटीच्या वांटणीचा निर्णय मात्र इंग्रज अधिकाऱ्यांनीं चढाईपूर्वींच, मराठ्यांस वगळून, आपसांत लेखी करून ठेविला होता. ऑक्टोबरांत बायफील्ड आणि स्पेन्सर पुण्यास आले, आणि १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांस परत मिळून बाणकोट व भोवतालचीं गांवें इंग्रजांकडे कायम झालीं. रामाजीपंतांच्या हातून निसटलेलें एक कलम पुरें करावयास आठ महिने लागले.

यापुढील तीस वर्षांचें पुणें-मुंबई राजकारण म्हणजे बव्हंशीं साष्टी बेटाची कथा होय, आणि ठाणें हें साष्टीचें नाक. मॉस्टिन १७६७ त पुण्यास आला, १७७२ त पुन्हां येऊन राहिला, आणि दोन्ही वेळां साष्टी-वसईवरील कंपनीची दृष्टि त्याच्या कामामागें होती. बोलण्यानें जें मिळालें नाहीं तें १७७४ च्या डिसेंबरअखेर तोफांनीं घेतलें. पोर्तुगीजांचें आरमार वसई परत घ्यावयास येत आहे अशा वार्तेचें निमित्त करून मुंबईकरांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन कामास आला. विजयदुर्गाचा वॉटसन तो निराळा. तोच ठाण्याचा किल्ला पुढें तुरुंग झाला आणि आजहि तुरुंगच आहे. मार्च १७७५ त राघोबादादांनीं सुरतेच्या तहानें साष्टी व वसई इंग्रजांच्या पदरांत टाकली. परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलानें हें सर्व नामंजूर करून कर्नल अप्टन यास स्वतंत्र बोलण्यासाठीं पाठविलें.

अप्टन १७७५ च्या अगदीं अखेरीस पुरंदरास पोंचला. समोर सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस. दोन वर्षांचेहि न झालेले सवाई माधवराव तेव्हां त्याच किल्ल्याच्या आश्रयास होते. या दोन महिन्यांचें बोलणें जाबसालाच्या विद्येचा उत्तम नमुना आहे. कलकत्त्यानें मुंबईचें कृत्य अन्याय्य ठरविलें, त्या अर्थीं त्या कृत्यानें मिळालेला मुलूख परत मिळणार, हें कारभाऱ्यांनीं गृहीत धरिलें होतें. अप्टननें साष्टी तर ठेवावयाची म्हटलेंच, वर वसईहि मागितली. कारभाऱ्यांनीं त्यास विचारलें कीं, ज्या युद्धास तुमचे वरिष्ठ दोष देतात, त्याच युद्धाचें फळ मात्र त्यांना गोड कसें लागतें? या सवालाला अप्टनजवळ सरळ जाब नव्हता. बोलणें मोडलें, कलकत्त्यानें युद्धाची तयारी केली, आणि मग एकाएकीं दोन्ही पक्ष नरमून १ मार्च १७७६ रोजीं तह झाला. राघोबांशीं केलेला करार रद्द. त्यांस दरमहा पंचवीस हजार रुपये आणि कोपरगांवीं वास्तव्य. इंग्रजांस भडोच व तीन लक्षांचा मुलूख. खर्चापोटीं बारा लक्ष रुपये.

आणि साष्टी? ती गव्हर्नर जनरल व कौन्सिल यांच्या मर्जीवर सोपविली गेली. त्यांना वाटलें तर त्यांनीं ती ठेवावी; परत करावयाची झाल्यास मोबदल्यांत तीन लक्षांचा मुलूख घ्यावा. वाद मिटत नाहीं तेव्हां तो वरिष्ठांकडे सोंपवून बाकीचीं कलमें पुरीं करणें, ही युक्ति आजच्या आंतरराष्ट्रीय बैठकींतहि रोज वापरतात. पण येथें वरिष्ठ एकाच पक्षाचे होते! निवाडा प्रतिपक्षाच्या मर्जीवर सोडलेलें कलम म्हणजे सौजन्याच्या भाषेंत लिहिलेली कबुलीच होय. नाना व बापू यांना हें कळत नव्हतें असें मानणें कठीण; त्या घटकेस साष्टी हातीं नव्हती, घरांत फितूर होता, आणि वसई वाचविणें अधिक निकडीचें होतें. कलम गोड शब्दांत लिहिल्यानें दरबारांत साष्टी दिली असें म्हणावें लागलें नाहीं, एवढें समाधान. कलकत्त्याची मर्जी अर्थातच साष्टी ठेवण्याची झाली, आणि ठाण्याची खाडी सरहद्द म्हणून कायम राहिली.

तीन वर्षांनीं वडगांवला पाळी उलटली. जानेवारी १७७९ मध्यें मुंबईची फौज राघोबांस घेऊन घाटावर आली, तळेगांवाहून माघारी फिरली आणि वडगांवांत कोंडली गेली. इंग्रजांतर्फे फार्मर बोलणें करावयास आला. त्यानें आधींच सांगून टाकलें कीं, कलकत्त्याच्या संमतीवांचून तह करण्याचा अधिकार आमच्या कमिटीस नाहीं. ही गोष्ट मराठी बाजूच्या कानांवर स्पष्टपणें पडली होती. पुढें कारनॅकनें होम्स यास पूर्ण अधिकार देऊन महादजी शिंद्यांकडे पाठविलें, आणि १७७३ नंतर मिळविलेला सर्व मुलूख, म्हणजे साष्टीसुद्धां, परत करण्याचा करार झाला. फौज सुखरूप मुंबईस पोंचतांच तो करार मुंबईनें व कलकत्त्यानेंहि झुगारून दिला. कारनॅकनें मागाहून कबूल केलें कीं, ते अधिकार देतांनाच त्यांना किंमत नाहीं असें आपण मनांत धरून चाललों होतों.

हें वाक्य आपल्याला आज वाचावयास मिळतें, तें इंग्रजांच्याच दप्तरामुळें. कंपनीच्या प्रत्येक कौन्सिलाचें कामकाज बैठकीगणिक बुकांत लिहिलें जाई, सभासदांचीं भिन्न मतें त्यांच्या नांवानें नोंदलीं जात, आणि प्रत लंडनला रवाना होई. सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासावर बसलेल्या धन्यांपुढें आपला बचाव करतां यावा, हा त्यांतला मुख्य हेतु. म्हणून त्या बुकांवरहि आंधळा विश्वास ठेवून चालत नाहीं. तेथें पुष्कळ सभासद शत्रूपेक्षां शेजारच्या खुर्चीवरील माणसाविरुद्धच लिहीत असतात. मराठी बाजूस वकिलांचीं पत्रें या बुकांहून कितीतरी सजीव आहेत. कोण कोणत्या शब्दावर रागावला, कोणी बोलतां बोलतां उत्तर टाळलें, हें त्यांत दिसतें. परंतु तीं पत्रें कारभाऱ्यांच्या घरीं, वकिलांच्या घरीं, सरदारांच्या वाड्यांत विखुरलीं. त्यांचा माग काढीत राजवाडे, खरे, पारसनीस यांना गांवोगांव हिंडावें लागलें, आणि पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सरदेसायांच्या संपादनाखालीं छापून निघावयास १९३० नंतरचीं वर्षें उजाडलीं. लिहिण्याची विद्या दोघांपाशीं होती. लिहिलेलें एकत्र ठेवण्याची शिस्त एकापाशीं अधिक होती.

वडगांवनंतर युद्ध पेटलें तें थेट कल्याणवर आलें. १७८० त इंग्रजांनीं कल्याण घेतलें, मराठ्यांनीं त्यास वेढा घातला, मेअखेर हार्टलेनें तो उठविला. डिसेंबरांत वसई गॉडर्डच्या हातीं पडली. अखेरीस १७ मे १७८२ रोजीं ग्वाल्हेरजवळ सालबाई येथें महादजी शिंदे व डेव्हिड अँडरसन यांच्यामध्यें तह झाला. वसई परत आली. साष्टी आणि घारापुरी, उरणचें करंजा हीं लहान बेटें इंग्रजांकडे राहिलीं. या वेळीं कोणाची मर्जी, कोणाचा निवाडा, असली संदिग्धता राहिली नाहीं. नानांनीं मात्र मान्यतेस महिनेमहिने लाविले. तिकडे हैदरअल्ली इंग्रजांशीं लढत होता, तोंवर थांबण्यांत फायदा होता. डिसेंबरांत हैदर वारला आणि नानांची संमति आली.

यानंतर पस्तीस वर्षें ठाण्याच्या किल्ल्यावर इंग्रज पहारा आणि खाडीपलीकडे पेशव्यांचें कल्याण, असा शेजार चालला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास हिशेबाचें बोलणें करावयास आले होते. जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनीं मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. कैद्याशीं कोणाचें संगनमत होऊं नये म्हणून पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, आणि त्यांना मराठीचा गंध नव्हता. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीस असलेला मोतद्दार कोठडीच्या खिडकीखालीं घोड्याला खरारा करतां करतां गाणीं म्हणे. पहारेकऱ्यांच्या लेखीं तो नुसता सूर होता; आंतल्या कैद्यास तो निरोप होता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं त्रिंबकजी किल्ल्यांतून निसटला. पुढच्या वर्षीं १३ जून १८१७ रोजीं पुण्यास जो तह बाजीरावांवर लादला गेला, त्यांत त्रिंबकजीस पकडून देण्याची जबाबदारी आली, आणि उत्तर कोंकण इंग्रजांस देण्याचें कलमहि आलें. कल्याण खाडीच्या अलीकडच्या बाजूस जमा झालें. मोतद्दाराच्या गाण्यांतले शब्द मात्र ठाण्याच्या पहाऱ्यावर कोणीं टिपून ठेविले नव्हते.